कच्चं दूध घ्या खुशाल, पण लेकराला उकळूनच पाजा

पत्र असं आहे:

"नमस्कार दादा. आम्ही आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरी जनावर नाही, म्हणून गल्लीतल्याच एका मामांकडून रोज दीड लिटर गाईचं दूध घेतो. अंडी, तूप, हळद, मिरची हे पण बरंचसं त्यांच्याकडूनच. आता घरात तीन तोंडं तीन दिशेला झाली आहेत. माझा मावस दीर अमेरिकेत असतो, तो सासूबाईंना व्हिडिओ पाठवतो की दूध उकळलं की मेलं, तिकडे लोक कच्चं दूध मिळावं म्हणून भांडतात अन् तुमच्या दारात येतं तं तुम्ही त्याची वाट लावता. सासूबाईंना ते पटलं, त्यांनी माझ्या दोन वर्षाच्या मुलाला धारोष्ण दूध दोनदा पाजलं, मला नंतर कळलं. दुसरीकडे किराणावाला म्हणतो की लायसनशिवाय सुटं दूध विकणं गुन्हा आहे, घेणाऱ्यावर पण केस होते, पाकीट घेत जा. आमचे हे म्हणतात कटकट नको, पाकीटच लाव. मला पाचवा महिना चालू आहे. मामांचं दूध बंद करायची इच्छा नाही, पण भीती वाटते. काय करू? – एक सून"

ताई, पहिले लेकराचं बोलू, कायदा अन् अमेरिका नंतर. दोनदा प्यालं म्हणून घाबरून जाऊ नका, बहुतेक वेळा काही होत नाही. पण पुढचे दोन महिने लक्ष ठेवा. ताप येऊन जातो पुन्हा येतो, पोरगं पाय दुखतात म्हणून चालायला कंटाळतं, रात्री घामाने ओलं होतं, जेवण सुटतं, असं काही दिसलं किंवा जुलाबातून रक्त दिसलं तं डॉक्टरकडे जा अन् जाऊन स्वतःहून सांगा की हे लेकरू कच्चं दूध प्यालं होतं. हे सांगणं फार महत्त्वाचं आहे कारण आपल्याकडे ताप म्हटला की मलेरिया नाही तं टायफॉईड, ब्रुसेलाची तपासणी कोणी आपल्या मनाने लिहीत नाही. दूध प्याल्यावर आठ दिवसांनीही ताप येऊ शकतो, दोन महिन्यांनीही येऊ शकतो, तेव्हा कोणाला दुधाची आठवण राहत नाही. तुम्ही स्वतः चाखलं असेल तं तुमच्या डॉक्टरीणबाईंनाही सांगा, आशाताईंना सांगा, लाजू नका.

आता ब्रुसेला म्हणजे काय ते सांगतो, कारण गुरांच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला हा विषय जवळचा आहे. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, वार अडकते, मालक म्हणतो कोणाची नजर लागली किंवा बैलाने ढुशी मारली. कधी तसं असतंही. पण पुष्कळदा त्यामागे हा जंतू असतो. गाय वरून धडधाकट दिसते, चारा खाते, दूध देते, अन् जंतू त्या दुधातून बाहेर पडत राहतो. म्हणजे "आमची गाय एकदम चांगली आहे" हे मामा मनापासून म्हणत असले तरी डोळ्यांनी पाहून ते कळत नाही. माणसाला झाला की उतरता-चढता ताप, कंबर अन् सांधे धरतात, महिने-महिने औषध चालतं. अन् गरोदर बाईला झाला तं गर्भ पडण्याची भीती असते. लिस्टेरिया म्हणून दुसरा एक जंतू आहे, तो तं आईला नुसती कणकण देतो अन् पोटातल्या बाळाला घेऊन जातो. गाईचा टीबी, साल्मोनेला, ई कोलाय हे वेगळेच. हे सगळे जंतू उकळीत मरतात. सगळे. म्हणून पाचव्या महिन्यातली बाई अन् दोन वर्षाचं लेकरू असलेल्या घरात कच्चं दूध कोणाच्या ओठाला लागू द्यायचं नाही, यात माझ्याकडून तुम्हाला बिलकुल सूट नाही.

धारोष्ण दूध ताजं असतं हे खरं, पण ताजं म्हणजे जंतू नसलेलं असं नाही ना. गाईच्या अंगाच्या गर्मीचं दूध म्हणजे जंतूला वाढायला अगदी हवं तसं हवामान. त्यात कासेला लागलेलं शेण, धार काढणाऱ्याचा हात, बादलीची कड. तालमीतले पोरं प्यायचे अन् धष्टपुष्ट व्हायचे हे सासूबाई सांगतात ते खोटं नाही, पण जे तापाने खंगले त्यांची गोष्ट कोण सांगत बसते बाप्पा.

उकळलं की दूध मरते का, तं नाही. प्रोटीन तिथंच, कॅल्शियम तिथंच, स्निग्धांश तिथंच. क जीवनसत्त्व अन् ब गटातले काही थोडे कमी होतात, पण क साठी दूध कोण पिते, आपल्याकडे आवळा, लिंबू अन् नागपूरचा संत्रा आहे. आणखी एक गोष्ट त्या व्हिडिओत असते की कच्च्या दुधात दूध पचवायचं एन्झाइम असते अन् उकळल्यावर ते जाते. दूध पचवणारं लॅक्टेज दुधात नसतेच मुळी, ते आपल्या आतड्यात असते. पाकीटवाले जे पाश्चरायझेशन करतात ते म्हणजे ६३ डिग्रीवर अर्धा तास किंवा ७२ डिग्रीवर १५ सेकंद. तुमच्या चुलीवर दूध त्याच्या कितीतरी वर जाते, तेव्हा यंत्र नाही म्हणून कमीपणा मानू नका. फक्त एक करा, दूध उतू आलं की लगेच गॅस बंद करायची सवय असते आपली, तसं न करता आच कमी करून हलवत दोन-तीन मिनिटं खदखदू द्या, कारण वरचा फेस फुगतो तेव्हा खालचं सगळं दूध उकळलेलं असेलच असं नाही. तीन-तीनदा आटवायची गरज नाही. अन् सकाळी आलेलं दूध अंघोळी-पूजा होईपर्यंत तसंच ठेवायचं नाही, आपल्या आर्वीकडच्या मे महिन्यात तं अजिबातच नाही, आलं की चढवा, गार झालं की फ्रिजमध्ये, अन् लाईन गेलेली असेल तं संध्याकाळी पुन्हा एक उकळी.

दह्या-तुपाचंही इथंच सांगून टाकतो. उकळलेल्या दुधाची साय, त्याचं विरजण, त्याचं लोणी, ताक, सगळं ठीक. तूप कढवलेलंच असते. मामांकडून कधी ताक किंवा लोणी आणलं तं दूध तापवून विरजलं होतं का एवढं विचारा. खरवस वाफवलेला असतो, बिनधास्त खा, फक्त पूर्ण शिजू द्या.

आता किराणावाला. त्याचं म्हणणं अर्धं चूक अन् अर्धं गोलमाल आहे. घेणाऱ्यावर केस होते हे साफ खोटं. अन्न सुरक्षा अन् मानके कायदा २००६ चा आहे, तो विकणाऱ्याला अन् बनवणाऱ्याला लागू होतो, स्वतःच्या घरासाठी दूध घेणाऱ्या बाईला तो काही करत नाही. उलट त्याच कायद्याच्या कलम ४० मध्ये तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाला हक्क दिला आहे की घेतलेला माल फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो, फक्त घेताना विकणाऱ्याला तसं सांगावं लागते. हा हक्क कोणी वापरत नाही ही गोष्ट वेगळी.

विकणाऱ्याचं काय? याच कायद्याच्या कलम १८ मध्ये लिहिलं आहे की शेतकऱ्याला, त्याच्या गुराढोरांना अन् शेताच्या पातळीवर त्याने पिकवलेल्या मालाला हा कायदा लागू नाही. म्हणजे मामांच्या गोठ्यावर जाऊन तुम्ही लोटा भरून आणला तं तिथं लायसनचा प्रश्न येऊ नये. पण मामा घरोघरी रतीब घालत असतील, त्याचं दही-तूप करून विकत असतील, तं तो छोटा का होईना धंदा धरला जातो अन् त्याला लायसन नाही, नोंदणी लागते. लायसन अन् नोंदणी यात फरक आहे. २०११ च्या मूळ नियमात वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल अन् दुधाच्या बाबतीत रोज ५०० लिटरपर्यंत असणाऱ्याला नुसती नोंदणी होती, फी वर्षाला १०० रुपये होती. त्याच नियमात असंही आहे की जो माणूस सहकारी दूध संस्थेचा सभासद आहे अन् सगळं दूध संस्थेलाच घालतो त्याला ही नोंदणीही लागत नाही. मामा थोडं घरोघरी देतात म्हणजे "सगळं" होत नाही, म्हणून नोंदणी केलेली बरी. सुटं दूध विकायला बंदी आहे असं कुठंही लिहिलेलं नाही.

सुट्या तेलाचं मात्र तसं नाही हो, ते लक्षात ठेवा, नाहीतर किराणावाल्याच्या तोंडी लागाल अन् फसाल. खायचं तेल सुटं विकायला २०११ च्याच नियमांत मनाई आहे, पॅकबंद पाहिजे, राज्य सरकारने एखाद्या तेलाला सूट दिली तं गोष्ट वेगळी. तुम्ही स्वतःचा जवस किंवा शेंगदाणा घाणीवर नेऊन काढून आणला तं ती तुमची घरची बाब, पण कोणी कॅनमधून मोजून विकत असेल तं तिथं किराणावाला बरोबर ठरेल. भाजी अन् फळांचं उलट आहे, २०१६ मध्ये राज्याने भाजीपाला-फळं बाजार समितीच्या बंधनातून काढली, तेव्हापासून शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकू शकतो, कोणाला विचारायची गरज नाही. वायगावची हळद घ्या, भिवापूरची मिरची घ्या, आख्खी घ्या अन् घरी कांडून किंवा चक्कीवर दळून आणा, तिखटात काय मिसळलं याची चिंताच नको. अंडी घेतली की चांगली शिजवा, दुधात कच्चं अंडं फेटूनही लेकराला देऊ नका, बस.

आता तुमच्या मावस दिराकडे येऊ. तो खोटारडा नाही, त्याच्या गावची भांडणं वेगळी आहेत. अमेरिकेत १९८७ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कच्चं दूध पिण्यासाठी विकायला केंद्राची बंदी आहे, राज्याच्या आत ज्याने त्याने ठरवायचं. कॅलिफोर्नियात परवाना घेतलेल्याचं दुकानात मिळते, काही राज्यांत विकताच येत नाही. कॅनडात विक्रीच बंद. स्कॉटलंडमध्ये १९८३ पासून बंद अन् शेजारच्या इंग्लंडमध्ये शेतकऱ्याकडून थेट घेता येते. म्हणून तिथला माणूस म्हणतो, मोठा माणूस आहे मी, माझ्या गल्ल्यातल्या पैशाने शेजारच्या शेतकऱ्याचं दूध घ्यायला सरकारने काहून अडवावं. मला विचाराल तं त्याच्या बोलण्यात दम आहे. छोटा शेतकरी थेट विकतो तेव्हा मधल्याला काही जात नाही, गिऱ्हाइकाला कोणाच्या गोठ्यातलं आहे ते कळते, अन् नियम बऱ्याचदा हजारो लिटरवाल्यांना डोळ्यांपुढे ठेवून केले जातात अन् दोन गाईवाला त्यात चेपला जातो. पण ताई, तो ज्यासाठी भांडून राहिला ते तुमच्याकडे रोज सकाळी साडेसहाला दारात येते. विकत घ्यायचं स्वातंत्र्य तुम्हाला आहेच. न उकळता प्यायचं, हा त्या लढ्यातला दुसरा मुद्दा, तो इकडे आणायची काही गरज नाही. जर्मनीत शेतकरी गोठ्यावरून कच्चं दूध विकतो तेव्हा त्याला तिथं पाटी लावावी लागते की प्यायच्या आधी उकळा. आपल्या आज्या-पणज्या पाटीशिवाय हेच करत आल्या.

अन् दिराला एक आठवण करून द्या. मार्च २०२४ मध्ये त्याच्याच देशात टेक्सास अन् कॅन्ससच्या दुभत्या गाईंमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू सापडला, तो त्यांच्या कच्च्या दुधात होता, अन् तापवलेल्या दुधात जिवंत सापडला नाही. हा निरोप व्हिडिओ न करता साध्या मेसेजमध्ये पाठवा.

इथपर्यंत सोपं होतं. आता जे सांगतो ते उकळून जात नाही, अन् माझ्या मते तुमच्या खऱ्या काळजीचा विषय हा असायला पाहिजे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले, ५० हजारांवर लोकवस्तीच्या शहरांतले, म्हणजे आपल्या खेड्यातले नव्हेत हे ध्यानात असू द्या. निकाल २०१९ च्या ऑक्टोबरात आला. सगळ्यांना वाटलं होतं युरिया अन् साबण निघेल. भेसळ निघाली फक्त १२ नमुन्यांत. पण ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचं विष ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं, अन् ७७ नमुन्यांत अँटिबायोटिकचा अंश जास्त होता. आणि गंमत म्हणजे अफ्लाटॉक्सिन सुट्या दुधापेक्षा पाकीटबंद, प्रक्रिया केलेल्या दुधात जास्त आढळलं. तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवा.

हे अफ्लाटॉक्सिन येते कुठून, तं बुरशी लागलेल्या खाद्यातून. अन् आपल्या विदर्भात दुभत्या गाईचं खाद्य म्हणजे सरकीची ढेप. कापसाचा मुलूख, जिनिंग जवळ, ढेप ताजी मिळते, पण तीच ढेप पावसाळ्यात पोत्यात ओलावा धरते, भिंतीला टेकवून ठेवली की खालून बुरशी चढते, वरून पोतं छान दिसते. शेतकरी पैसे घालून आणलेली ढेप फेकत नाही, वरचं खरवडून काढतो अन् बाकीचं भिजवून गाईपुढे ठेवतो. गाय खाते, एक-दोन दिवसांत ते विष दुधात उतरते. दूध कितीही उकळा, ते तसंच राहते. बरं म्हणजे काय, की बुरशीची ढेप बंद केली तं काही दिवसांत दूध पुन्हा साफ होते. शेंगदाण्याची ढेप, भिजलेला कडबा, मका, सगळ्यांचं तेच.

अँटिबायोटिकचं असं की गाईला दगडी होते, कास सुजते, डॉक्टर किंवा कोणी गावातलाच थानात ट्यूब भरतो, इंजेक्शन देतो. त्या औषधाच्या खोक्यावर लिहिलेलं असते किती दिवस दूध वापरायचं नाही. तेवढे दिवस दूध वेगळं काढून टाकायचं असते. दोन गाईवाल्याला ते जिवावर येते, हे मलाही कळते.

म्हणून थेट मामांकडून घेण्याचा फायदा काय, तं तुम्हाला जाऊन पाहता येते. पाकिटावर फॅट किती ते छापलेलं असते, ढेपेचं पोतं कुठं ठेवलं ते छापलेलं नसते. एवढा हक्क असून आपण वापरत नाही, दूध दारात येते, आपण भांडं पुढे करतो, विषय संपला. तुम्ही एखाद्या दिवशी संध्याकाळी धारेच्या वेळेला गोठ्यावर जा. तपासणीला आल्यासारखं नाही, पोराला गाय दाखवायला घेऊन आली असं म्हणा. ढेप लाकडी फळीवर आहे की जमिनीवर, कुबट वास येतो का, ते पाहा. कास धुतात का, पहिल्या दोन-चार धारा बाहेर सोडतात का, भांडं स्टीलचं आहे की रंगाचा जुना प्लास्टिकचा डबा, दुधात हात बुडवून मोजतात का. गाईच्या कानात १२ आकड्यांचा पिवळा बिल्ला आहे का पाहा, असेल तं सरकारी दवाखान्यात नोंद आहे. अन् विचारा की मागच्या वेळी कोणती गाय गाभडली होती का, कालवडींना ब्रुसेलाची लस दिली का. ही लस फक्त मादी वासराला, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच देतात, अन् २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती फुकट आहे. बरेच मालक खुरकुताची लस घेतात अन् ही राहून जाते. एक मात्र, गाय व्यायला झाली असेल किंवा गाभडली असेल तेव्हा तुम्ही या दिवसांत गोठ्यात जाऊ नका, वारेला हात लावायचा तं प्रश्नच नाही. मामांनाही सांगा की उघड्या हाताने वार काढू नये, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी, हा रोग पहिले मालकाला अन् त्याच्या घरच्यांना होतो, गिऱ्हाइकाला नंतर.

हे प्रश्न विचारले तं मामा रागावतील असं वाटत असेल तं सांगतो, रागावत नाहीत. जो चांगलं करतो त्याला कोणी पाहायला आलेलं आवडते. जो रागावेल त्याचं दूध बंद करा, कायदा-बियदा पाहायची गरजच नाही. तुमच्याच तालुक्यात नंदा गवळी समाज आहे, पिढ्यान्‌पिढ्या गवळाऊ गाई सांभाळतो, त्यांच्या घरी जाऊन विचारा दूध कसं पितात, तापवल्याशिवाय पाव्हण्यालाही देणार नाहीत. गवळाऊच्या नावावर कोणी "ए-टू" (दुधातल्या प्रोटीनचा एक प्रकार) म्हणून दुप्पट भाव सांगितला तं तेवढ्यावर पैसे देऊ नका, ऑगस्ट २०२४ मध्ये प्राधिकरणाने ए-१, ए-२ हे दावे पाकिटावरून काढा म्हणून सांगितलं अन् पाच दिवसांत ते पत्रच मागे घेतलं, म्हणजे खुद्द साहेब लोकांचंच त्यावर एकमत नाही.

पाण्याची शंका असेल तं गुळगुळीत तिरप्या ताटावर एक थेंब सोडा, चांगलं दूध हळू ओघळते अन् मागे पांढरी रेघ ठेवते, पाणी असेल तं सरळ पळून जाते. गावच्या संकलन केंद्रावर फॅटची मशीन असतेच, ओळखीने एखाद्या दिवशी लावून पाहा, गाईचं दूध ३.५ फॅट अन् ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) याच्या आसपास असलं की छान.

पाकिटाबद्दल माझा राग नाही. यजमान कटकट नको म्हणतात त्यातही तथ्य आहे. पाश्चराइज्ड पाकीट थंड साखळीत आलं तं सुरक्षित असते, त्याला मेलेलं दूध म्हणणं चुकीचं. पण टोण्ड म्हणजे ३ टक्के फॅट एवढं समजून घ्या, अन् आपल्याकडे लाईन किती वेळ असते ते तुम्हाला माहीत आहे. रात्री फ्रीजर बंद करणाऱ्या दुकानातलं फुगलेलं पाकीट घेण्यापेक्षा मामांचं ताजं दूध घरी उकळलेलं केव्हाही बरं. मामा लग्नाला गेले, गाय आटली, तेव्हा पाकीट आणा, अन् आणलं तं आपल्या उन्हाळ्यात तेही उकळा. पोराला दोन्हीपैकी कोणतंही दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको, नाहीतर पोट दुधानेच भरते अन् भाजी-भाकर खात नाही, रक्त कमी होते.

सासूबाईंचं राहिलं. त्यांच्याशी भांडू नका, त्यांनी प्रेमानेच पाजलं. त्या स्वतः मोठ्या आहेत, सगळं समजून सांगितल्यावरही त्यांना स्वतःच्या पेल्यात धारोष्णच पाहिजे असेल तं मी नको म्हणेन, पण शेवटी तो त्यांचा पेला. नातवाचा पेला त्यांचा नाही, तुमच्या पोटातलं बाळ तं नाहीच. हे तुम्ही सांगण्यापेक्षा यजमानांनी आईला सांगितलेलं बरं, सुनेने सांगितलं की दुधाचा विषय राहतो बाजूला अन् दुसराच सुरू होतो. आणखी एक सोपी युक्ती, दूध घ्यायची अन् चढवायची वेळ यजमानांकडे द्या. सकाळी दूध आलं की त्यांनीच गॅसवर ठेवायचं. कच्चं दूध घरात दहा मिनिटंही पडून राहिलं नाही तं कोण कोणाला पाजणार.

किराणावाल्याशी पण वाकडं घेऊ नका, उद्या साखर-पत्ती त्याच्याकडूनच आणायची आहे. मामांना घेऊन सेतू केंद्रावर जा, आधार अन् एक फोटो लागतो, अर्ज ऑनलाइन भरून देतात, साधारण ७ दिवसांत नोंदणी मिळून जाते. फॉर्म भरणारा पोरगा स्वतःचे वरून किती मागतो ते आधी विचारून घ्या. फीचे पैसे मामा द्यायला कुरकुरले तं तुम्हीच भरा अन् महिन्याच्या दुधाच्या हिशोबात कापून घ्या.